सही कुणाची, शिक्षा कुणाला?

गेल्या शनिवारी गॅरेज आवरायला काढलं. तसं ते तीन वर्षांपासून आवरायचंच होतं, पण यावेळी बायकोने "तुझं सामान नाहीतर माझी गाडी, दोन्हीपैकी एकच आत राहील" असा निर्वाणीचा इशारा दिला, तेव्हा नाइलाज झाला. बंद पडलेले हीटर, चिरंजीवांची पहिली सायकल, गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब... आणि एका खोक्याच्या तळाशी एक लाल-काळा मफलर आणि चार नंबरची जर्सी. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या मापाची.

ती हातात घेऊन तिथेच एका उलट्या बादलीवर बसलो. आवरणं राहिलं बाजूला. बाबांची आठवण आली, आणि त्यांच्याशी अर्धवट राहिलेला एक वादही आठवला. आज त्याबद्दलच लिहितोय. खेळाची आवड नसलेल्या मावशी-काकूंनी कंटाळू नये, शेवटी गोष्ट आपल्या घरातलीच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही २००५ साली मेलबर्नला आलो आणि स्ट्रॅथमोरला घर घेतलं. लोकलने एसेंडनपासून दोन स्टेशनं. इथे फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत असलेला फुटबॉल नव्हे. अंडाकृती मैदान, अंडाकृती चेंडू, एका बाजूला अठरा खेळाडू, हातापायांनी खेळायचं, आणि अंगावर धावून जायला बऱ्यापैकी मुभा. इथले लोक लाडाने 'फुटी' म्हणतात. मेलबर्नमध्ये नवीन माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो "कुठून आलात?" हा नसतो, "कुठल्या क्लबचे?" हा असतो. आम्ही घराच्या जवळचा क्लब म्हणून एसेंडनचे झालो. काळी जर्सी, त्यावर तिरका लाल पट्टा. क्लब एकोणिसाव्या शतकातला, सोळा विजेतेपदं नावावर, शेवटचं २०००चं. त्या २००० सालच्या संघाचा कप्तान होता जेम्स हर्ड. पुढे २०११च्या मोसमापासून तोच प्रशिक्षक झाला, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांचा चेहरा असा उजळला होता की जणू नातूच परदेशातून परत आला.

चिरंजीवांचा देव मात्र चार नंबरचा जोब वॉटसन. त्याचे वडील टिम वॉटसन हेही एसेंडनचे मोठे खेळाडू. २०१२ साली जोबला ब्राउनलो पदक मिळालं. हे मोसमातल्या सर्वोत्तम आणि स्वच्छ खेळणाऱ्या खेळाडूला देतात, पंचांच्या मतांवरून. त्या वाढदिवसाला ही जर्सी आली.

आणि ५ फेब्रुवारी २०१३ला क्लबने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं की, आदल्या मोसमात आमच्या खेळाडूंना काय काय टोचलं गेलं याची आम्हालाच शंका आहे, चौकशी करा.

झालं होतं ते असं. २०११च्या शेवटी क्लबने स्टीफन डँक नावाचा एक क्रीडावैज्ञानिक ठेवला. खेळाडूंची ताकद वाढावी, दुखापती लवकर बऱ्या व्हाव्यात यासाठी त्याने इंजेक्शनांचा एक कार्यक्रम आखला. खेळाडूंकडून संमतिपत्रावर सह्या घेतल्या. त्यावर औषधांची नावं होती. एओडी ९६०४ हे त्यातलं एक. मोनाश विद्यापीठात, म्हणजे मेलबर्नमध्येच, लठ्ठपणावरचं औषध म्हणून त्याचा जन्म झाला होता, पण चाचण्यांमध्ये ते टिकलं नाही. दुसरं नाव नुसतं 'थायमोसिन'. आता गोम अशी की थायमोसिन एक नसतं. एक प्रकार प्रतिकारशक्तीसाठी वापरतात. दुसरा थायमोसिन बीटा ४, जखमा आणि स्नायू भरून येण्यासाठी उपयोगी असल्याचं मानलं जातं, आणि तो 'वाडा' या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. संमतिपत्रावर कुठला ते लिहिलेलं नव्हतं. मात्र सगळं वाडाच्या नियमांत बसतं असा दिलासा त्याच कागदावर होता.

क्लबचे जुने डॉक्टर ब्रूस रीड यांनी जानेवारी २०१२ मध्येच पत्र लिहून या प्रकाराबद्दल काळजी व्यक्त केली होती. तरी मोसमभर इंजेक्शनं चालू राहिली. पुढे क्लबनेच झिगी स्विटकोव्स्की यांना (पूर्वी टेलस्ट्रा या टेलिफोन कंपनीचे प्रमुख होते ते) आतली चौकशी करायला सांगितलं. त्यांच्या अहवालाचा मथितार्थ एवढाच, की क्लबात औषधांचे प्रयोग चालले होते आणि त्यावर कुणाचा धड ताबा नव्हता, कुणी जाब विचारत नव्हतं, कुणी नीट नोंद ठेवत नव्हतं.

शेवटचं वाक्य बाबांना सांगितलं तेव्हा फोनवर दोन मिनिटं शांतता होती. मग म्हणाले, "नोंद नाही? औषध टोचलं आणि नोंद नाही?"

बाबांनी आयुष्यभर अंबरनाथच्या एका औषध कंपनीत केमिस्ट म्हणून नोकरी केली, हे नातेवाइकांना माहीत आहेच. त्यांच्या जगात जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही. बॅच नंबर, वेळ, तापमान, कुणी तोललं, कुणी तपासलं, खाली दोन सह्या. आमच्या घरी दूधवाल्याचा हिशोबसुद्धा दोन सह्यांचा असायचा, एक आईची आणि एक दूधवाल्याची. तिशी-चाळिशीतल्या माणसांनी, ज्यांच्याकडे कोट्यवधी डॉलरचं बजेट आहे, जिवंत पोरांच्या पोटात सुई खुपसली आणि कुठल्या कुपीतलं किती ते लिहून ठेवलं नाही, हे त्यांच्या पचनीच पडेना.

आता शिक्षांचा इतिहास बघा. मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण एकाच गुन्ह्याला चार दरवाजांतून चार वेगवेगळ्या शिक्षा आल्या.

पहिली आली लीगकडून, २७ ऑगस्ट २०१३ला. आरोप डोपिंगचा नव्हता, खेळाची बदनामी केल्याचा होता. क्लबला वीस लाख डॉलर दंड, लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठा. नवीन खेळाडू निवडण्याच्या पहिल्या काही संधी गेल्या. हर्डला बारा महिन्यांची बंदी. त्या काळात तो फ्रान्सला जाऊन मॅनेजमेंटचा अभ्यास करून आला. आणि सगळ्यांत झोंबणारी शिक्षा म्हणजे, चौदा सामने जिंकून बाद फेरीत पोचलेल्या संघाला नवव्या क्रमांकावर ढकलून बाहेर काढलं. त्याची जागा मिळाली नवव्या आलेल्या कार्लटनला. आमचा हाडवैरी! आणि त्या पठ्ठ्यांनी पहिल्याच सामन्यात रिचमंडला हरवलं. रिचमंडवाल्यांचा यात काय दोष होता? त्यांनी तर कुणाला सुई टोचली नव्हती. चिरंजीव त्या दिवशी जेवले नाहीत.

मग दुसरा दरवाजा, डोपिंगविरोधी कायद्याचा. त्या वेळची ऑस्ट्रेलियाची संस्था असाडा (२०२०मध्ये ती नव्या संस्थेत विलीन झाली) हिने २०१४मध्ये चौतीस आजी-माजी खेळाडूंना नोटिसा दिल्या. क्लब आणि हर्ड चौकशीच्याच कायदेशीरपणाविरुद्ध कोर्टात गेले आणि हरले. ३१ मार्च २०१५ला लीगच्या न्यायाधिकरणाने खेळाडूंना सोडलं. थायमोसिन बीटा ४च दिलं होतं याबद्दल पुरेशी खात्री होत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गल्लीत त्या दिवशी गाड्यांचे भोंगे वाजले. पण वाडाने स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे अपील केलं, आणि १२ जानेवारी २०१६ला निकाल फिरला. चौतीसही दोषी. दोन वर्षांची बंदी. आधीचा काही काळ वजा होऊन प्रत्यक्षात २०१६चा अख्खा मोसम गेला.

कुणाही खेळाडूची चाचणी पॉझिटिव्ह आली नव्हती, हे लक्षात घ्या. पुरावा होता तो मोबाइलवरच्या संदेशांचा, औषध तयार करणाऱ्याकडून आलेल्या मालाचा, संमतिपत्रांचा. खालच्या न्यायाधिकरणाने याकडे साखळी म्हणून पाहिलं होतं, एक कडी तुटली की साखळी तुटली. लवादाने दोराची उपमा वापरली, एखादा पीळ कच्चा निघाला तरी बाकीचे मिळून दोर भार पेलतो. दोन्ही उपमा मला पटतात, हीच पंचाईत आहे.

तिसरा दरवाजा फारसा कुणाच्या लक्षात नाही. त्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी २०१६मध्ये, मेलबर्नच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने एसेंडन क्लबला दोन लाख डॉलर दंड केला. कायदा होता कामगारांच्या सुरक्षिततेचा! सुरक्षित कामाची जागा पुरवली नाही, या आरोपाखाली. क्लबने गुन्हा कबूल केला. म्हणजे प्रेसवर बोट गेलेल्या कामगाराच्या बाबतीत जो कायदा लागतो, तोच.

आणि चौथी शिक्षा डँकला, तहहयात बंदी, जून २०१५ची.

आता बाबांच्या भेटीकडे येतो. २०१६च्या मार्चमध्ये ते इथे आले. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि अंबरनाथच्या उन्हाळ्यातून त्यांना जरा बाहेर काढायचं होतं. दुसऱ्या फेरीत एसेंडनचा सामना मेलबर्न संघाशी, एमसीजीवर. एमसीजी म्हटल्यावर बाबा लगेच तयार झाले. त्यांच्या दृष्टीने ते गावसकरचं, कपिलचं मैदान. तिथे दुसरा काही खेळ होतो हेच त्यांना थोडं अपवित्र वाटत होतं.

संघाची अवस्था काय होती म्हणून सांगू! बारा जणं बंदीमुळे बाहेर. त्यांच्या जागी लीगने दहा बदली खेळाडू घ्यायची परवानगी दिलेली. कुणी दुसऱ्या क्लबने सोडलेला, कुणी निवृत्तीतून परत आलेला. आणि हा संघ त्या दिवशी जिंकला. चिरंजीव आजोबांच्या गळ्यात पडून ओरडत होते, बाबांच्या डोक्यावरची माकडटोपी खाली घसरलेली, आणि आमच्या पुढच्या रांगेतली एक बाई चक्क रडत होती. त्या मोसमात एसेंडनने एकूण तीन सामने जिंकले, एकोणीस हरले, आणि १९३३नंतर पहिल्यांदा तळाला गेला. पण तो एक दिवस आमचा होता.

परत येताना ट्रेनमध्ये मी नेहमीचं भाषण सुरू केलं. पोरांना फुकट बळी दिलं, सुई टोचणारा वेगळा, निर्णय घेणारे वेगळे, आणि कारकीर्द गेली ती वीस-बावीस वर्षांच्या पोरांची. बिचारा वॉटसन न्यूयॉर्कला जाऊन कॉफीच्या दुकानात काम करतोय. वगैरे.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "सही त्यांची होती ना?"

मी चिडलो. म्हटलं, "बाबा, तुम्ही म्हणताय हे?"

आता ही जुनी गोष्ट. १९८४-८५ची असेल. बाबांच्या खात्यातल्या एका बॅचमध्ये गडबड झाली. तोललेल्या मालाच्या नोंदीवर दुसरी सही बाबांची होती. प्रत्यक्षात तोलताना ते तिथे नव्हते, दुसऱ्या मजल्यावर होते. संध्याकाळी वरिष्ठांनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाले, "कर रे सही, उद्या माल जायचाय." बाबांनी केली. माल परत आला, चौकशी बसली. बाबा तीन महिने निलंबित, वेतनवाढ रोखली. वरिष्ठांना पुढच्या वर्षी बढती मिळाली. मी तेव्हा चौथीत होतो. आईने बांगड्या गहाण टाकल्या होत्या हे मला फार पुढे कळलं. कंपनीचं नाव कशाला घ्या, त्यातले बरेचजण आता नाहीतही.

आयुष्यभर मी या गोष्टीकडे अन्याय म्हणूनच पाहत आलोय. आणि बाबा मात्र कधीही "माझी चूक नव्हती" असं म्हणाले नाहीत. त्या दिवशी ट्रेनमध्येही नाही. म्हणाले, "सही माझी होती. मी नसताना केली. तेवढी शिक्षा माझी." आणि थोडं थांबून, "रजिस्टर पुढे सरकवणाऱ्याची शिक्षा त्याला मिळाली नाही, ते वेगळं. त्याने माझी कमी होत नाही."

मला तेव्हा हे पटलं नाही. एसेंडन आलं, आम्ही वाद घालणाऱ्या बापलेकांना शोभेल असे दोन स्टेशनं गप्प बसलो.

पुढे लवादाचा निकाल नीट वाचला तेव्हा मात्र एका जागी अडखळलो. डोपिंगची चाचणी घेताना खेळाडूला एक फॉर्म भरावा लागतो, गेल्या काही दिवसांत कुठली औषधं, कुठली सप्लिमेंट घेतली ते सांगा म्हणून. मोसमाच्या काळात यातल्या बऱ्याच खेळाडूंच्या चाचण्या झाल्या होत्या. डँकच्या इंजेक्शनांचा उल्लेख कुणीही केला नव्हता. व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहिल्या, दुखण्यावरच्या गोळ्या लिहिल्या, पण सुया नाही लिहिल्या. लवादाने यावर बोट ठेवलं आहे. इतकी खात्री होती की हे नियमात बसतं, तर लिहिलं का नाही?

माझ्या निष्पाप पोरांच्या चित्राला इथे तडा गेला. पण तो तडा कुठवर जाऊ द्यायचा, हा खरा प्रश्न आहे. वीस वर्षांचा पोरगा, लहानपणापासून ज्या कप्तानाचं पोस्टर भिंतीवर लावलं तो समोर प्रशिक्षक म्हणून उभा, तज्ज्ञ सांगतोय की सगळं कायदेशीर आहे, आणि नाही म्हटलं तर संघातली जागा जाईल. त्याने नाही म्हणायला हवं होतं, हे सोफ्यावर बसून म्हणणं सोपं आहे.

जरा बाहेर पाहिलं तर दिसतं की क्लबाचं काय करायचं हा प्रश्न जगात कुठेच धड सुटलेला नाही. आपल्याला माहीत असलेल्या फुटबॉलचंच घ्या. १९९८च्या उन्हाळ्यात रोमाचे प्रशिक्षक झेमान म्हणाले की इटालियन फुटबॉलने औषधांच्या दुकानातून बाहेर पडायला हवं. तुरीनचे सरकारी वकील ग्वारिनिएल्लो यांनी तपास सुरू केला. युव्हेंटससारख्या बलाढ्य क्लबाच्या औषधसाठ्यात २८१ प्रकारची औषधं सापडली. इस्पितळात शोभावीत इतकी! दरम्यान रोममधल्या प्रयोगशाळेचंही बिंग फुटलं, फुटबॉलपटूंच्या नमुन्यांत सगळ्या निषिद्ध द्रव्यांची तपासणीच होत नव्हती. इटलीच्या ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला.

पुढे खटला चालला. नोव्हेंबर २००४मध्ये क्लबचे डॉक्टर अग्रिकोला यांना बावीस महिन्यांची शिक्षा झाली (स्थगित, म्हणजे तुरुंगात जायचं नाही), व्यवस्थापकीय संचालक जिरावदो निर्दोष. २००५च्या डिसेंबरमध्ये अपिलात डॉक्टरही सुटले. २००७मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं, तोवर कायद्याने ठरवलेली मुदत उलटून गेली होती. संपलं! त्या काळातली तीन इटालियन विजेतेपदं आणि १९९६चा चॅम्पियन्स लीग चषक क्लबच्या कपाटात आहेत तिथेच आहेत. लवादानेही २००५मध्ये मत दिलं होतं की जी औषधं यादीत निषिद्ध नाहीत, ती वापरली म्हणून क्रीडासंस्थांना शिस्तभंगाची शिक्षा करता येत नाही. हे कायदेशीरदृष्ट्या बरोबर आहे. पण धडधाकट पोरांना आजारी माणसांची औषधं द्यायची, आणि यादीत नाही म्हणून हात झटकायचे? गंमत म्हणजे याच क्लबला २००६मध्ये पंचांच्या नेमणुकांत ढवळाढवळ केल्याबद्दल काही आठवड्यांत दोन विजेतेपदं काढून घेऊन खालच्या श्रेणीत धाडलं. म्हणजे क्लबला शिक्षा करता येत नाही असं नाही. करायची इच्छा आणि नियम, दोन्ही जागेवर असले तर करता येते.

दुसरं टोक उत्तर कोरियाचं. २०११च्या महिला विश्वचषकात त्यांच्या पाच खेळाडू स्टेरॉइडसाठी पॉझिटिव्ह निघाल्या. त्यांचं स्पष्टीकरण असं की सरावात वीज पडली होती, त्यावर उपचार म्हणून कस्तुरीमृगाच्या ग्रंथींचं पारंपरिक औषध दिलं. फिफाने खेळाडूंवर बंदी घातलीच, शिवाय बक्षिसाच्या रकमेइतका, म्हणजे चार लाख डॉलर दंड केला आणि पूर्ण संघाला २०१५च्या विश्वचषकातून बाहेर ठेवलं. ज्या पोरी २०११च्या संघात नव्हत्याच त्यांचाही विश्वचषक गेला. आणि तिसरीकडे इंग्लंडमध्ये मँचेस्टर सिटीने चाचणीसाठी खेळाडू कुठे भेटतील याची माहिती नीट कळवली नाही म्हणून २०१७मध्ये दंड झाला ३५ हजार पौंड. त्या क्लबातल्या एखाद्या खेळाडूचा हा आठवड्याचा पगारही नसेल.

वाडाच्या संहितेत नियम आहे की, स्पर्धेदरम्यान एकाच संघातले दोनपेक्षा जास्त खेळाडू दोषी ठरले तर संघालाही शिक्षा द्यावी. पण तिथे आधी खेळाडू दोषी ठरावा लागतो. म्हणजे शिडी खालून वर चढते. मला वाटतं ती उलटी हवी.

इतक्या वर्षांच्या घोळानंतर माझं मत बनलंय ते असं. (कायद्याचा अभ्यास नाही, चूकभूल द्यावी घ्यावी.)

एक, नोंदीची जबाबदारी क्लबची. खेळाडूला क्लबातर्फे जे काही दिलं जाईल त्याची कुपी, मात्रा, तारीख, देणारा आणि तपासणारा, सगळं लिहिलेलं हवं आणि बाहेरच्या संस्थेकडे त्याची प्रत हवी. नोंद सापडली नाही तर क्लब दोषी, विषय संपला. निषिद्ध औषध होतं की नव्हतं यावर तीन वर्षं वकिलांची पोटं भरायची गरज नाही. एसेंडनच्या बाबतीत नेमकं काय टोचलं गेलं याचा हिशोब क्लबला देता आला नाही, आणि त्या नसलेल्या हिशोबाचा भार शेवटी खेळाडूंच्या डोक्यावर गेला.

दोन, क्लबची शिक्षा खेळातलीच हवी. पैशांचा दंड सभासदांच्या वर्गणीतून आणि जाहिरातदारांकडून भरून निघतो. गुण कापा, विजेतेपद काढा. आणि हो, तळाला गेल्याचं बक्षीस तरी देऊ नका! २०१६मध्ये शेवटचा आल्यामुळे एसेंडनला नियमाप्रमाणे पुढच्या वर्षासाठी देशातला पहिल्या पसंतीचा नवा खेळाडू निवडायला मिळाला. ज्याच्या कर्माने संघ तळाला गेला त्यालाच पहिला मान. लीगचा नियम दुबळ्यांना वर आणण्यासाठी आहे हे मान्य, पण इथे तो कुणाच्या पथ्यावर पडला बघा.

तीन, खेळाडूची शिक्षा रद्द नको. बाबांचं हे मी आता मान्य करतो. "डॉक्टरने दिलं, मला काय ठाऊक" एवढ्यावर सुटका होऊ लागली तर प्रत्येक क्लब एकेक डँक पाळेल. पण ती त्याच्या वाट्याइतकीच हवी. ज्याने विचारलं, ज्याला खोटं सांगितलं गेलं, त्याला दोन वर्षं, आणि ज्याने रजिस्टर पुढे सरकवलं त्याला फ्रान्समध्ये एक वर्ष, हा हिशोब जमत नाही. सिडनीच्या क्रोनला क्लबातही २०११मध्ये हाच डँक होता. तिथल्या खेळाडूंनी तडजोड स्वीकारली, बारा महिन्यांची बंदी मागच्या तारखेपासून धरली गेली आणि ती काही महिन्यांतच संपली. गुन्हा एकाच जातीचा, फरक फक्त लढलो की वाकलो याचा.

यात काही नीट बसत नाही, हेही कबूल करतो. क्लबचे गुण कापले तरी त्या संघात नवीन आलेला, ज्याने सुई पाहिलीही नाही, तो पोरगा भरडला जातोच. स्टुअर्ट क्रॅमेरीचं उदाहरण घ्या. तो एसेंडन सोडून वेस्टर्न बुलडॉग्जमध्ये गेला होता. त्या क्लबने २०१६मध्ये बासष्ट वर्षांनी विजेतेपद मिळवलं. क्रॅमेरी बंदीमुळे बाहेर बसून होता. ती एक दुपार त्याला कुठलंही अपील परत देणार नाही.

२०१६च्या नोव्हेंबरमध्ये वॉटसनने ब्राउनलो पदक परत केलं. ते कॉचिन आणि मिचेल या दोघांना विभागून दिलं. बातमी लागली तेव्हा बाबा परत अंबरनाथला पोचले होते. चिरंजीवांनी त्यांना फोन करून सांगितलं. मी बाजूला उभा होतो. पलीकडून बाबा म्हणाले, "स्वतःहून दिलं ना? मग जर्सी टाकू नकोस." एवढंच. पोराने ती जर्सी लहान झाली तरी टाकली नाही, हे मला परवा गॅरेजमध्ये कळलं.

बाबा २०१९मध्ये गेले. त्यांच्या कपाटात निलंबनाचं ते पत्र सापडलं, नीट घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. आणि त्यामागे पिनने लावलेला एक अर्ज, बाबांच्या अक्षरात. त्यात लिहिलं होतं की सही माझी आहे व चूक मला मान्य आहे, परंतु रजिस्टर ज्यांनी आणलं त्यांचीही चौकशी व्हावी. खाली तारीख, सही. पोच नाही. अर्ज दिला होता की नुसताच लिहून ठेवला होता, ते आता विचारायला कुणी नाही.

म्हणजे ट्रेनमध्ये जे अर्धं बोलले, त्याचा दुसरा अर्धा त्यांनी तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवला होता. मी मात्र ते बोलले तेवढंच ऐकून चिडून बसलो.

जर्सी धुवून वाळत घातली आहे. एसेंडन २००४नंतर बाद फेरीतला एकही सामना जिंकलेला नाही, निदान २०२५च्या मोसमापर्यंत तरी, त्यामुळे तिला मिरवायचे दिवस एवढ्यात येतील असं वाटत नाही. चिरंजीव आता नोकरीला लागलेत, या रविवारी जेवायला येतील तेव्हा आजोबांचा अर्ज त्यांना दाखवणार आहे.

गॅरेज अजून तसंच आहे. असो.